"कसला होता?" : मूळ न सापडलेला कॅन्सर आणि मागे राहिलेली पत्नी

दसरा होऊन आठवडा झाला असेल. काकू आमच्या केंद्रात आल्या तेव्हा हातात कापडी पिशवी होती. पिशवीत निळी प्लास्टिकची फाईल आणि फाईलवर ठेवलेला स्टीलचा छोटा डबा. खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "ताई, ती जीन्सची टेस्ट मुंबईत कुठे चांगली होते? एका ठिकाणी साठ हजार सांगतायत. दोन बांगड्या मोडल्या की होईल. तशाही आता हातात घालायच्या नाहीतच."

ज्यांची टेस्ट करायची होती ते काका आषाढी एकादशीनंतर चौथ्या दिवशी वारले होते. त्याला तीन महिने होऊन गेले होते.

मी मुंबईत कॅन्सरच्या रुग्णांसाठी पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेचं काम करणाऱ्या एका गटात समाजसेविका आहे. काकांच्या शेवटच्या सहा आठवड्यांत आमची नर्स आणि मी त्यांच्या घरी जात होतो. हे प्रकरण काकूंच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, नावं कुणाचीच दिलेली नाहीत. लिहून झाल्यावर त्यांना वाचून दाखवलं. दोन ठिकाणी त्यांनी दुरुस्ती सांगितली, ती केली आहे.

घर

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात, म्हाडाच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर खोली-किचन. काका ५७ वर्षांचे. संगमेश्वरकडून सतराव्या वर्षी मुंबईत आले आणि गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं जुळवायला लागले. शिशाच्या खिळ्यांचा जमाना संपला तेव्हा त्याच मालकाकडे संगणकावर मजकूर लावायला शिकले. काकू ५२ वर्षांच्या, डबे पुरवणाऱ्यांना रोज शंभरेक पोळ्या लाटून देणाऱ्या. मुलगी २६ वर्षांची, ठाण्यात नोकरीला. मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. काकांना तंबाखू नाही, दारू नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे हाच प्रश्न काकूंना पंचवीस जणांनी तरी विचारला.

कंपोझिटर माणूस उलटी अक्षरं वाचतो. खिळ्यावरचं अक्षर आरशातल्यासारखं असतं, पण वर्षानुवर्षांच्या सवयीने ते त्याला सुलटंच दिसतं. काकूंनी ही गोष्ट मला पहिल्या भेटीत सांगितली आणि नंतर कितीदा तरी. त्यांच्या दुःखात या कौशल्याला मोठी जागा आहे.

आजाराचा क्रम

गणपतीच्या सुमारास काकांची पाठ दुखू लागली. आरास करताना वाकलो म्हणून, असं सगळ्यांनी धरलं. महिन्याभरात डाव्या बाजूला मानेच्या मुळाशी, गळ्याच्या हाडाच्या वर, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. वजन उतरत होतं. ओळखीच्या डॉक्टरांनी सुईची तपासणी करायला पाठवलं. त्या नमुन्यात फक्त मेलेल्या पेशी आल्या आणि रिपोर्टमध्ये "निष्कर्ष काढता येत नाही" असं लिहून आलं. डॉक्टर म्हणाले, टीबीची गाठ दिसते, एकेटी, म्हणजे टीबीची औषधं सुरू करू.

हा निर्णय आज वाचताना चटकन राग येतो, पण तो कुठून येतो हेही बघायला हवं. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे, आणि फुप्फुसाबाहेरच्या टीबीत मानेच्या गाठी फार मोठ्या प्रमाणात आढळतात. मुंबईतल्या दाट वस्तीत दवाखाना चालवणारा डॉक्टर मानेत गाठ बघून टीबीचा विचार करतो, तो अनुभवातून करतो. तरीही माझं मत स्पष्ट आहे. साठीकडे झुकलेला माणूस, उतरणारं वजन, गळ्याच्या हाडावर डावीकडे कडक गाठ आणि अर्धवट आलेला नमुना, एवढं समोर असताना औषध देऊन बघण्याआधी गाठीचा तुकडा तपासायला हवा होता. डाव्या बाजूच्या त्या जागी पोटातल्या कॅन्सरची गाठ येते, हे वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

नऊ आठवडे एकेटी चालली. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी झाली तेव्हा काका घाबरले, मग हसले. भूक मेली, पण ती गोळ्यांमुळे असेल असं वाटलं. गाठ मात्र सुपारीची लिंबाएवढी झाली. संक्रांतीच्या आठवड्यात शेवटी गाठ काढून बायोप्सी झाली. रिपोर्ट मुलीच्या मोबाईलवर आला. ठाण्याहून येणाऱ्या लोकलमध्ये उभ्या उभ्या तिने "मेटास्टॅटिक कार्सिनोमा", म्हणजे पसरलेला कॅन्सर, हे दोन शब्द वाचले आणि विक्रोळीला उतरायचं राहून गेलं. ती दादरला उतरली.

पुढचे सहा आठवडे शोधाचे. पेट स्कॅनमध्ये यकृतात, पाठीच्या दोन मणक्यांत आणि पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीलगतच्या गाठींत आजार दिसला. सुरुवात कुठून झाली ते दिसलं नाही. तोंडातून दुर्बीण घातली, गुदद्वारातून घातली, जठर आणि मोठं आतडं साफ निघालं. रक्ताच्या तपासण्या झाल्या. बायोप्सीच्या तुकड्यावर रंग चढवून पेशींची जात ओळखायची तपासणी झाली. सीके-७ पॉझिटिव्ह, सीके-२० निगेटिव्ह, टीटीएफ-१ निगेटिव्ह. यातून एका अवयवावर बोट ठेवता येईना.

मग एका दुपारी रुग्णालयाच्या पॅसेजमध्ये, चालता चालता, एका डॉक्टरांनी मुलीला सांगितलं, "प्रायमरी मिळत नाहीये. थांबण्यात अर्थ नाही, केमो सुरू करू." या घराला निदान म्हणून मिळालं ते एवढंच. काकूंना मुलीने सांगितलं, "मूळ सापडत नाहीये, पण औषध आहे." काकांना कुणीच काही सांगितलं नाही.

पाडव्याच्या आधी पहिली केमो झाली. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन, दर २१ दिवसांनी. तीन झाल्या. मे महिन्यातल्या स्कॅनमध्ये यकृतातल्या गाठी वाढलेल्या होत्या, आणि डॉक्टरांनी आमच्याकडे पाठवलं.

ज्याला नाव नाही असं नाव

इथे थोडं थांबून वैद्यकीय बाजू सांगते, कारण सारं प्रकरण तिच्यावरच उभं आहे.

शरीरात पसरलेला कॅन्सर सापडतो, पण तो सुरू कुठे झाला ते सगळ्या तपासण्या करूनही कळत नाही, अशा आजाराला "कॅन्सर ऑफ अननोन प्रायमरी" म्हणतात. एकूण कॅन्सरमध्ये याचं प्रमाण साधारण २ ते ५ टक्के. मूळ गाठ इतकी लहान असते की स्कॅनमध्ये येत नाही, किंवा कधी ती विरून गेलेली असते आणि तिच्यापासून सुटलेल्या पेशी दुसरीकडे वाढत राहतात. मृत्यूनंतर शवविच्छेदन केलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत बऱ्याच जणांमध्ये मूळ सापडलं आहे, पुष्कळदा फुप्फुसात किंवा स्वादुपिंडात. काहींमध्ये तेव्हाही सापडलेलं नाही. यातल्या थोड्या रुग्णांचा आजार ओळखता येईल अशा गटात बसतो आणि त्यांच्यावर नेमके उपचार होतात. बाकीच्यांच्या हातात बहुधा काही महिने ते वर्षभर असतं.

म्हणजे "मूळ सापडलं नाही" हे अर्धवट राहिलेलं निदान नाही. पुस्तकात त्याचं वेगळं प्रकरण आहे, उपचारांची वेगळी पद्धत आहे. पण हे या घरात कुणीच असं सांगितलं नव्हतं. आम्हीही नाही. काका आमच्याकडे आले तेव्हा कागदांवर सगळं होतं, आणि आम्ही गृहीत धरलं की आधीच्या डॉक्टरांनी समजावलं असेल. ही आमची चूक होती, आणि तिची किंमत काकूंनी भरली.

लपवणं आणि माहीत नसणं

१९४१ साली परळला सुरू झालेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचं नाव मुंबईत आजाराचंच नाव होऊन बसलं आहे. "टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की शेजारीण पुढचं विचारत नाही. काकांना कळू नये म्हणून घरच्यांनी मुद्दाम दुसऱ्या रुग्णालयात उपचार घेतले. "टीबीच आहे, जरा बिघडलाय, म्हणून सलाईनमधून औषध देतात," असं त्यांना सांगितलं. केस गळायला लागल्यावरही तेच.

पण जन्मभर अक्षरं लावणारा माणूस विभागाच्या दारावरची पाटी वाचणार नाही? केमोच्या दुसऱ्या वेळेनंतर काकांनी काकूंना विचारायला सुरुवात केली. "मला काय झालंय?" काकू म्हणायच्या, "डॉक्टर बघतायत." मग थेट विचारलं, "कॅन्सर आहे ना? कसला आहे?" काकूंनी नाही नाही म्हणत शेवटी मान हलवली आणि म्हणाल्या, "कसला ते माहीत नाही." काकांचा विश्वास बसला नाही. आधी चार महिने खोटं ऐकलेल्या माणसाचा बसावा तरी का? ते म्हणाले, "चुकीचा खिळा मला लगेच दिसतो. तू मला शब्द चुकीचा देतेयस."

त्यानंतर शेवटपर्यंत, अधूनमधून, ते विचारत राहिले. काकू खरं तेच सांगत राहिल्या. ते खरं आहे हे पटवायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं.

मी बरीच वर्षं हे काम करते आहे. घरच्यांनी रुग्णापासून आजार लपवणं मला नवं नाही, त्यामागची माया कळते, त्यावर कसं बोलायचं तेही ठाऊक आहे. पण जिथे लपवणं संपून माहीत नसणं सुरू होतं आणि दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, अशी जागा मी या घरात पहिल्यांदा एवढ्या जवळून पाहिली.

शेवटचे आठवडे

वांद्र्याच्या शांती आवेदना सदनबद्दल मी त्यांना सांगितलं होतं. १९८६ साली सुरू झालेलं ते भारतातलं पहिलं हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारी जागा. मुलीला ते पटत होतं. काकांनी घरच मागितलं.

मॉर्फिनची गोळी बघून काकू म्हणाल्या, "म्हणजे आता संपलं का?" हा प्रश्न दहातल्या आठ घरांत येतो. दर चार तासांनी गोळी, सोबत पोट साफ राहायचं औषध, वेळ टिपायला वही. तिसऱ्या दिवशी काका उशीला टेकून पेपर वाचत होते. काकूंनी नर्सचा हात धरला आणि सोडेचनात. वेदना आवाक्यात राहिल्या, एवढं समाधान आम्हा सगळ्यांना आहे.

वटपौर्णिमेला काकूंनी इमारतीमागच्या वडाला दोरा गुंडाळला. पुढच्या महिन्यात, पहाटे, काका झोपेत गेले. घरी मृत्यू झाला की डॉक्टरांनी चार-अ नमुन्यात मृत्यूचं कारण लिहून द्यावं लागतं, तो कागद स्मशानात जमा होतो. महापालिकेकडून मिळणाऱ्या दाखल्यावर कारण छापलेलं नसतं. मुलाने स्मशानात जाण्याआधी चार-अ चा फोटो काढून ठेवला. त्यात कारणाच्या ओळीत इंग्रजीत "प्रायमरी अननोन" होतं. काकूंनी लेकाला विचारलं, अननोन म्हणजे काय रे.

दहावा

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवले तेव्हा धो धो पाऊस होता. कावळा येईना. अर्धा तास गेला, पाऊण गेला. माणसं जे करतात ते करू लागली. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. दीर म्हणाले, गावच्या घराचं बघतो. मुलगी म्हणाली, भावाचं शिक्षण पुरं करीन. कावळा नाही. मग काकू छत्रीतून पुढे झाल्या आणि मनात म्हणाल्या, "तुम्हाला काय झालं होतं ते मी शोधून काढीन."

तरीही कावळा शिवला नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी पुरा केला. असा पावसात कावळा येणार कुठून, असं सगळे म्हणाले. काकूंनाही ते पटत होतं. पण त्यांच्या हिशेबी वचन दिलं गेलं होतं आणि पोच मिळालेली नव्हती.

मग भेटायला येणारे सुरू झाले. आपल्याकडे माणूस गेल्यावर घरी येणारा प्रत्येक जण आजाराची कहाणी ऐकतो, आणि मला वाटतं तेच आपलं सर्वांत जुनं समुपदेशन आहे. सांगणारी बाई तीच कहाणी तीस वेळा सांगते आणि तिसाव्या वेळी ती थोडी हलकी झालेली असते. काकूंच्या कहाणीत पहिल्याच वळणावर अडत होतं. "कसला कॅन्सर होता?" "माहीत नाही." "असं कसं? लिव्हरचा?" "लिव्हरमध्ये होता, पण लिव्हरचा नव्हता." "तंबाखू खायचे का?" "मोठ्या डॉक्टरांना दाखवलं नाही का?" मग आलेल्या बाईची नजर बदलायची. काहीतरी राहून गेलंय, यांनी नीट केलं नाही, असं त्या नजरेत काकूंना दिसायचं. शेवटी त्या "लिव्हरचा" म्हणू लागल्या. खोटं बोलल्याचं नवं ओझं झालं.

ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्या फाईल घेऊन पाच डॉक्टर आणि तीन लॅब फिरल्या.

आमच्या भेटी

पहिल्या भेटीत माझं चुकलं. टेस्टचा खर्च आणि बांगड्या ऐकून मी थेट अडवायला गेले. म्हणाले, "काकू, आता कळून काय होणार? ते परत येणार नाहीत. ही फाईल थोडे दिवस बाजूला ठेवू या." त्यांनी फाईल पिशवीत घातली आणि पंधरा दिवस फोन उचलला नाही.

त्या पंधरा दिवसांत मी आमच्या नोंदी पुन्हा वाचल्या, आणि माझ्या मनात जे लेबल तयार होत होतं ते तपासलं. शोक लांबल्याचा विकार ठरवायला आयसीडी-११ या आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीत किमान सहा महिने आणि २०२२ च्या डीएसएम-५-टीआर या मानसिक विकारांच्या अमेरिकी पुस्तकात मोठ्या माणसांसाठी किमान एक वर्ष जावं लागतं. इथे चार महिनेही झाले नव्हते. काकू पोळ्या लाटत होत्या, मुलाच्या परीक्षेची काळजी करत होत्या, काकांच्या आठवणीने रडतही होत्या. स्ट्रोब आणि शूट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ साली शोकाबद्दल जी मांडणी केली, की माणूस दुःखाकडे आणि रोजच्या जगण्याकडे आळीपाळीने जात-येत राहतो, तसंच ते चाललं होतं. अडलं होतं एका जागी. त्यांना एक प्रश्न पडला होता, आणि त्याचं जे काही उत्तर होतं ते त्यांना बसवून कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या भेटीसाठी मीच विक्रोळीला गेले. माफी मागितली. म्हटलं, फाईल आपण दोघी मिळून वाचू, पहिल्या पानापासून, डॉक्टरांना सोबत घेऊन.

काकांवर ज्यांनी उपचार केले नव्हते अशा एका कॅन्सरतज्ज्ञांनी शनिवारची दुपार दिली. काकू, मुलगी, डॉक्टर आणि मी. दोन तास दहा मिनिटं लागली. डॉक्टरांनी प्रत्येक कागद तारखेप्रमाणे लावला आणि प्रत्येक कागदाला एकच प्रश्न विचारला: हे करताना काय शोधत होते? पीएसए ही रक्ताची तपासणी का केली, तर प्रोस्टेटचा असता तर हार्मोनच्या औषधांनी बराच काळ आटोक्यात राहिला असता. एएफपी आणि एचसीजी या रक्ताच्या तपासण्या का, तर अंडकोषाच्या जातीचा असता तर तो पसरलेला असूनही बरा होऊ शकतो. टीटीएफ-१ का, तर फुप्फुसाचा धागा मिळतो का बघायला. काकू इतके दिवस "निगेटिव्ह" या शब्दापाशी "काही सापडलं नाही" असं वाचत होत्या. आता त्या एकेक कागद बाजूला ठेवत म्हणत होत्या, "म्हणजे हा नव्हता. हाही नव्हता." ज्यांवर नेमका इलाज होता ते कॅन्सर आधी शोधले होते आणि त्यांतला एकही नव्हता, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

"मग होता कसला?"

डॉक्टर म्हणाले, "याला मूळ न सापडलेला कॅन्सर म्हणतात. हेच त्याचं नाव आहे." आणि समजावताना म्हणाले, "जुन्या वडाचं बघा, मूळ खोड कधीच दिसेनासं होतं आणि पारंब्यांचीच झाडं झालेली असतात."

काकू म्हणाल्या, "त्याच झाडाला दोरा बांधला होता मी."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही ती शांतता मोडली नाही, आणि आज वाटतं की त्या दुपारी मी केलेलं सर्वांत बरं काम तेच.

मग मुलीने विचारलं, टीबीच्या गोळ्यांचे नऊ आठवडे गेले नसते तर? मला भीती होती की डॉक्टर सगळं झाकून नेतील. त्यांनी तसं केलं नाही. म्हणाले, बायोप्सी आधी व्हायला हवी होती. आजार तोवर मणक्यात पोचलेला असावा, पाठ तर गणपतीपासूनच दुखत होती. आधी केमो सुरू झाली असती तर कदाचित काही आठवडे मिळाले असते, कदाचित नाही. "पण ते नऊ आठवडे तुम्हाला खरं माहीत असतं, आणि ते चालते-फिरते होते. ते गेलं, हे मी नाकारत नाही." मुलगी त्यावर रडली. काकू रडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, पोस्टमॉर्टेम केलं असतं तर मूळ कळलं असतं का? "कदाचित कळलं असतं," डॉक्टर म्हणाले. काकूंनी मान हलवली. जीन्सच्या टेस्टबद्दलही सरळ उत्तर मिळालं: ती औषध निवडायला करतात, मूळ अवयव खात्रीने सांगेलच असं नाही. घराण्यात कुणाला कॅन्सर नाही, तेव्हा एवढ्यावरून मुलांच्या तपासण्या करायचं कारण दिसत नाही.

निघताना काकूंनी डॉक्टरांकडून एक कागद लिहून घेतला. मराठीत, चार ओळी. आजाराचं नाव, काय काय शोधलं, काय सापडलं नाही. कोणी विचारलं तर दाखवायला, असं त्या म्हणाल्या. त्यांनी तो नंतर कुणालाच दाखवला नाही, पण पर्समध्ये असतो.

टेस्ट केली नाही. बांगड्यांबद्दल मी काही बोलले नव्हते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि पुढे सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं आवाहन केलं, तरी कन्नमवार नगरात त्या सकाळी शेजारच्या दोघींनी काकूंच्या हातातल्या काचेच्या बांगड्या उतरवल्याच होत्या. मुलगी आडवी आली होती, तिला बाजूला केलं. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही. सोन्याच्या दोन कपाटात आहेत. काकू त्या मोडतही नाहीत, घालतही नाहीत.

नोंदवहीतलं एक वाक्य

एक गाठ मात्र डॉक्टरांना सोडवता येणारी नव्हती. "ते गेले तेव्हा त्यांना वाटत होतं की मी लपवतेय."

आमच्या नर्सच्या जूनमधल्या नोंदीत काकांचं एक बोलणं होतं. काकू खाली दूध आणायला गेल्या असताना ते म्हणाले होते: "हिला विचारून विचारून मी त्रास देतो, कळतं मला. पण दुसऱ्या कुणाला विचारू?" आणि पुढे, हे तिला सांगू नका.

हे काकूंना सांगावं की नाही यावर आमच्या गटात दोनदा चर्चा झाली. रुग्णाने विश्वासाने सांगितलेलं मृत्यूनंतरही त्याचंच असतं, असं एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं, आणि ते चूक नाही. माझं म्हणणं, तिला काळजी लागू नये म्हणून त्यांनी ते लपवायला सांगितलं होतं. आज लपवून तीच काळजी वाढत असेल, तर त्यांची इच्छा कुठल्या बाजूला आहे? शेवटी आम्ही सांगायचं ठरवलं. चौथ्या भेटीत मी नोंदवहीतून जसंच्या तसं वाचलं.

काकूंनी ते वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "विश्वास नव्हता असं नाही म्हणाले." थोड्या वेळाने, "होता असंही नाही म्हणाले." त्यावर मी काही जोडलं नाही. ते वाक्य त्यांनी आपल्या वहीत उतरवून घेतलं. आजही त्या कधी त्याचा एक अर्थ लावतात, कधी दुसरा. या भेटींनंतर सगळं सुटलं असं मी लिहिणार नाही. झोप सुधारली, फाईल पिशवीतून निघून कपाटावर गेली, आणि भेटायला आलेल्या बाईला काकू आता सांगतात, "मूळ सापडलं नाही. असा एक कॅन्सर असतो." एवढं मी नोंदवू शकते.

आमच्या कामात यानंतर एक बदल केला. मूळ न सापडलेला रुग्ण आमच्याकडे आला की पहिल्याच आठवड्यात रुग्ण आणि जोडीदार दोघांना एकत्र बसवून ते नाव उच्चारायचं: आम्हाला माहीत नाही, कदाचित कळणारही नाही, याला असं म्हणतात. काही घरं रागावतात. तरी करतो.

डबा

स्टीलच्या डब्याबद्दल मी पहिल्या भेटीत विचारलंच नव्हतं. शेवटच्या भेटीत काकूंनी स्वतः उघडला. आत कापसात गुंडाळलेला पॅराफिनचा ब्लॉक होता. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून ठेवतात तो, एका बाजूला नंबर लिहिलेला. दुसऱ्या लॅबचं मत घेण्यासाठी त्यांनी तो आणला होता आणि मग तो घरीच राहिला होता. मेण वितळेल म्हणून इतके महिने फ्रिजमध्ये दुधाच्या पिशव्यांमागे ठेवला होता.

"अस्थी रामकुंडात सोडल्या," त्या म्हणाल्या. "हे राहिलंय. हे त्यांचंच आहे ना? याचं काय करतात?"

मला उत्तर येत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. विसर्जन करता येईल, घरी ठेवता येईल, किंवा लॅबला परत देता येईल, ते वर्षानुवर्षं जपून ठेवतात. काकूंनी दोन महिने घेतले. वर्षश्राद्धाच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला, लॅबला परत द्यायचा आहे, येशील का सोबत.

काउंटरवरच्या मुलाने नंबर जुळवून बघितला, रजिस्टरमध्ये लिहिलं, पोचपावतीवर शिक्का मारला. काकूंनी पावती घडी करून फाईलमध्ये शेवटी घातली. मग खिडकीत वाकून त्याला विचारलं, "उन्हाळ्यात वितळणार नाही ना?"

"नाही काकू," तो म्हणाला. "आत एसी असतो."